कुत्र्याचा वाटा फोडणीआधी काढा

तुम्ही विचारलंय, की जेवताना लॅब्रॅडोर ताटाशी येऊन बसतो, तर कांदा वेचून काढून त्याला रश्शातला भात द्यावा का.

नको. फोडी काढल्या तरी कांद्याचा अर्क रश्शात उतरलेला असतो. कांदा-लसणातले गंधकयुक्त घटक कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात. शिजवून, तळून किंवा पूड करूनही हा धोका टळत नाही. शिवाय त्रास बहुधा लगेच दिसत नाही. काही दिवसांनी कुत्रा मलूल होतो, हिरड्या पांढुरक्या पडतात, लघवी गडद होते; तोवर तो रस्सा कोणाच्या लक्षातही नसतो. रोज थोडं थोडं दिलं तरी अपाय होतो.

म्हणून आमच्याकडे मोतीचा वाटा फोडणीआधीच निघतो: मऊ भात, बिनमिठाचं घोटलेलं वरण, कधी उकडलेलं अंडं, लाल भोपळा, गाजर किंवा हाडं काढलेली उकडलेली कोंबडी. शिजलेलं हाड मात्र कधीच नाही. त्याच्या टोकदार चिरफळ्या होतात आणि त्या आतड्याला भोक पाडू शकतात.

सणासुदीला जास्त जपा. शिऱ्यात, खिरीत बेदाणे असतात. द्राक्षं, मनुका, बेदाणे यांनी कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात आणि एवढे चालतील असं सुरक्षित प्रमाण कोणी सांगू शकत नाही. दाट संशय टार्टारिक आम्लावर आहे, आणि तेच चिंचेत भरपूर असतं. चिंच खाऊन कुत्र्यांची मूत्रपिंडं बिघडल्याच्या नोंदीही आहेत. हे आपल्याकडे फारसं कोणाला ठाऊक नसतं, म्हणून मुद्दाम सांगतेय: चिंच-गुळाची आमटीही नकोच.

आंब्याचा गर थोडा चालतो, कोय नको. ती आतड्यात अडकते. चॉकलेट, तसंच झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात तो गोड पदार्थ) घातलेलं बिनसाखरेचं च्युइंगगम त्याच्या तोंडाला लागणार नाही असं ठेवा.

हा सगळा वरचा खाऊ दिवसाच्या आहाराच्या दहाव्या हिश्शापर्यंतच. पूर्ण घरच्या जेवणावर ठेवायचं असेल तर पशुवैद्याकडून आहार ठरवून घ्या, कारण नुसत्या भात-कोंबडीत कॅल्शियम फार कमी पडतं.

चुकून काही खाल्लंच, तर लक्षणांची वाट न पाहता डॉक्टरांना फोन करा. काय, किती, कधी खाल्लं आणि कुत्र्याचं वजन किती ते सांगा, वेष्टन जवळ ठेवा. मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नका. एवढं मीठच त्याच्या जिवावर बेतू शकतं.