किराण्याची यादीही ठेव

चि.,
अनेक आशीर्वाद.

कवीच्या घरच्यांनी दिलेल्या ट्रंका कॉलेजच्या ग्रंथालयात आल्या आणि तुझ्या गळ्यात पडल्या, हे कळलं. तासिका तत्त्वावरच्या माणसाकडेच अशी कामं येतात, इलाज नाही. पण कविता वेगळ्या काढल्यास, पत्रं वेगळी लावलीस आणि ‘बाकीचा कचरा’ गोणीत भरलास, असं लिहिलंयस. आधी ती गोणी रद्दीवाल्यापासून वाचव.

आपल्या मराठवाड्यातल्या त्या पिढीचे कागद पुण्या-मुंबईच्या कागदांसारखे वाचता येत नाहीत. सप्टेंबर १९४८ पर्यंत इथं निजामाचं राज्य. कचेरीची भाषा उर्दू, तारखा फसली या महसुली सनाच्या, व्यवहार हाली शिक्क्यात, म्हणजे निजामाच्या नाण्यात. कवी लिहायचा मराठीत, पण हाताला लागेल त्या कागदाच्या पाठीवर. समज, कवितेखाली तारीख नाही आणि मागं उर्दूतली शेतसाऱ्याची पावती आहे : आबान, १३५७ फसली. हैदराबादी फसलीत ५९० मिळवले की १९४७ येतं. पण ते वर्ष ऑक्टोबरात सुरू व्हायचं आणि आबान त्याचा शेवटचा महिना. म्हणजे पावती सप्टेंबर १९४८ च्या आसपासची, भारतीय फौजा हैदराबाद संस्थानात शिरल्या त्या ऐन पोलीस ॲक्शनच्या दिवसांतली.

लगेच ‘मुक्तिसंग्रामातली कविता’ अशी चिठ्ठी चिकटवू नकोस. आपल्याकडं तो मोह सगळ्यांनाच होतो, प्राध्यापकांना जरा जास्तच. पावती तेव्हाची असली तरी पाठकोरा कागद घरात दहा वर्षंही पडून राहतो. कवितेखालीच त्याच शाईत किराण्याची यादी असेल तर भाव कशात लिहिलेत ते बघ, आण्यांत की नव्या पैशांत. नवे पैसे १ एप्रिल १९५७ ला आले. गुळासमोर ‘न. पै.’ दिसले, तर कविताही बहुधा त्यानंतरची. हे सांगणारा कागद तू गोणीत घातलायस.

म्हणून राहिलेले गठ्ठे सोडण्याआधी फोटो काढ. कोणता कागद कशाच्या वर होता ते टिपून ठेव आणि क्रमांक पेन्सिलीनंच घाल. गंजलेल्या टाचण्या ओढू नकोस, हलक्या हातानं सोडव. सेलोटेप नको. लॅमिनेशन तर नकोच, प्राचार्य कितीही हौसेनं म्हणाले तरी. मोडी किंवा उर्दू अडली तर अंदाजानं वाचू नकोस. उर्दू शाळेतल्या एखाद्या निवृत्त गुरुजींना गाठ, अशी माणसं आनंदानं बसतात.

आणि हक्कांचं. ट्रंक कॉलेजात आली म्हणून कविता कॉलेजच्या झाल्या नाहीत. हयातीत छापलेल्या लेखनाचा हक्क लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षं वारसांकडं असतो, निधनानंतर पहिल्यांदा छापलेल्याचा छापल्यापासून ६० वर्षं. परभणीचे कवी-कादंबरीकार बी. रघुनाथ १९५३ साली गेले, त्यांचं हयातीत छापलेलं लेखन २०१४ पासून सर्वांना खुलं आहे. तुझ्या कवीचं तसं नाही. त्यांना आलेल्या पत्रांचा हक्क तर पत्र लिहिणाऱ्यांचा. घरगुती भांडणाची पत्रं सापडतीलच. ती फाडू नकोस, व्हॉट्सॲपवरही टाकू नकोस. वेगळ्या लिफाफ्यात ठेव आणि ती कधी उघडायची हे वारसांना विचार.

दानपत्र अजून झालं नसेल तर याच आठवड्यात त्यांच्या घरी जा. काय दिलं, काय छापायला मुभा आणि काय झाकून ठेवायचं, हे कागदावर घे. सह्या सगळ्या भावंडांच्या, एकट्या थोरल्याची चालणार नाही.

तुझा,
सर