कोलेस्टेरॉल शरीरात नक्की करतं काय? आणि तेलाच्या पिशवीवर 'झिरो कोलेस्टेरॉल' लिहितात ते खरं असतं का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकते, ते सोपंय. खरं असतं, पण त्यात कंपनीचं काही कौतुक नाही. शेंगदाणा, करडई, सूर्यफूल, सोयाबीन, कुठल्याही वनस्पतीच्या तेलात कोलेस्टेरॉल जवळजवळ नसतंच, ते बनतं प्राण्यांच्या शरीरात. म्हणजे खोबरेल आणि पामतेलसुद्धा झिरोच, पण त्या दोन्हींत सॅच्युरेटेड फॅट दाबून असतं आणि रक्तातलं एलडीएल, म्हणजे ज्याला 'वाईट' कोलेस्टेरॉल म्हणतात ते, वाढायला तेवढं पुरतं. कसं ते खाली येईलच.

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे, डॉक्टर नाही, तेव्हा गोळी चालू करू का बंद करू हे मला विचारू नका. आमच्याकडे सॅम्पल द्यायला येणाऱ्यांचा ठरलेला प्रश्न म्हणजे "माझं रक्त घट्ट झालंय का हो?" ट्यूब सेंट्रिफ्यूजमधून काढली की लाल पेशी खाली बसतात आणि वर पिवळसर सीरम राहतं. काहींचं सीरम चक्क दुधासारखं पांढरं निघतं, बघणाऱ्याला वाटतं हेच ते कोलेस्टेरॉल, पण ती असते ट्रायग्लिसराइड या रक्तातल्या दुसऱ्या चरबीची करामत. नुसतं कोलेस्टेरॉल 300 असलेल्या माणसाचं सीरम स्वच्छ, आरपार दिसेल असं असतं. डोळ्यांना काही दिसत नाही, माणसाला काही जाणवत नाही, म्हणून तर टेस्ट करावी लागते.

आता ते करतं काय. मेणचट पदार्थ आहे तो, आपल्या प्रत्येक पेशीच्या आवरणात बसलेला असतो, आवरण फार सैलही होऊ नये आणि फार कडकही होऊ नये हे सांभाळतो. कॉर्टिसॉल, टेस्टोस्टेरॉन, इस्ट्रोजेन ही हार्मोन्स त्याच्यापासूनच बनतात, आणि कोलेस्टेरॉल बनताना जो अलीकडचा टप्पा असतो तोच पदार्थ कातडीत असतो, त्यावर ऊन पडलं की व्हिटॅमिन डी. मेंदूचं वजन शरीराच्या 2 टक्के, पण अंगातलं साधारण पाचवा हिस्सा कोलेस्टेरॉल तिथे असतं, आणि रक्तातलं तिकडे जात नाही म्हणून मेंदू स्वतःचं स्वतः बनवतो.

ते नसेल तर काय होतं हे बघायचं तर स्मिथ-लेमली-ओपिट्झ नावाचा एक दुर्मिळ जन्मजात आजार आहे, 1964 साली त्याचं पहिलं वर्णन झालं. यात बाळाच्या शरीराला कोलेस्टेरॉल बनवायची शेवटची पायरीच जमत नाही. वाढ खुंटते, मेंदूचा विकास नीट होत नाही, पायाची दुसरी-तिसरी बोटं जोडलेली असतात. अशा मुलांना कोलेस्टेरॉल वरून खायला देतात! आपण ज्याला शिव्या घालतो ते तिथे औषध म्हणून.

बरं, बहुतेक कोलेस्टेरॉल शरीर स्वतःच बनवतं, लिव्हर त्यात पुढे. एका अंड्याच्या बलकात 180-200 मिलिग्रॅम असतं, पण बऱ्याच जणांत खाण्यातून जास्त आलं की लिव्हर आपलं उत्पादन कमी करतं, म्हणून अंड्यापेक्षा वनस्पती तूप आणि बेकरीची खारी-बिस्किटं जास्त नडतात असं माझं मत.

'चांगलं' आणि 'वाईट' हे दोन वेगळे पदार्थ नाहीत. रक्त पाण्यासारखं, त्यात हे विरघळत नाही, म्हणून प्रोटीनच्या कणांत बसून फिरतं, सामान एकच, गाड्या वेगळ्या, एक एलडीएल ('वाईट') आणि एक एचडीएल ('चांगलं'). लिव्हरच्या पेशींवर एलडीएल पकडून आत ओढणारे रिसेप्टर असतात, हे ब्राउन आणि गोल्डस्टीन या जोडीने शोधलं आणि 1985 चं नोबेल मिळवलं. काही घराण्यांत हे रिसेप्टर जन्मतःच कमी असतात, तिथे काटकुळ्या, पथ्य पाळणाऱ्या माणसालाही ऐन तिशी-चाळिशीत हार्ट अटॅक येऊ शकतो. सॅच्युरेटेड फॅट जास्त झालं की हेच रिसेप्टर मंदावतात, एलडीएल रक्तात जास्त वेळ फिरत राहतं आणि धमनीच्या भिंतीत घुसतं. स्टॅटिन ही कोलेस्टेरॉल कमी करायची गोळी उलटं करते, लिव्हरमधलं उत्पादन दाबते, मग लिव्हर रिसेप्टर वाढवून रक्तातलं ओढून घेतं.

अजून एक गोष्ट फार कोणी सांगत नाही. कोलेस्टेरॉलचा सांगाडा आपलं शरीर मोडूच शकत नाही, साखरेसारखं जाळून टाकता येत नाही. बाहेर जायचा मुख्य रस्ता एकच, पित्तातून आतड्यात. त्यातही कोलेस्टेरॉलपासून बनलेली पित्तातली आम्लं 95 टक्क्यांच्या आसपास आतड्यातून परत शोषली जातात. ओट्स, हरभरे, राजमा, मेथीदाणे यांतला विरघळणारा फायबर त्यातली काही धरून ठेवतो, ती संडासवाटे जातात, आणि नवीन पित्त बनवायला लिव्हरला रक्तातलं कोलेस्टेरॉल वापरावं लागतं. फरक थोडा पडतो, पण पडतो.

आणि रिपोर्ट हातात आला की एक बघा, एलडीएल मोजलंय की गणिताने काढलंय. बऱ्याच ठिकाणी टोटलमधून एचडीएल वजा, मग ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग वजा असं करतात, म्हणजे टोटल 220, एचडीएल 40, ट्रायग्लिसराइड 200 तर एलडीएल 140. ट्रायग्लिसराइड 400 च्या वर गेलं की हे गणित चालत नाही, तेव्हा डायरेक्ट एलडीएल करून मागा. आणि टोटल अचानक वाढलेलं दिसलं तर डॉक्टरांना थायरॉइडची टेस्ट करू का म्हणून विचारा, थायरॉइड कमी असलं तरी ते वाढतं.