वाचकांचे प्रश्न : मोटरहोमने युकॉनच्या पलीकडे

प्रश्न : आम्ही पतिपत्नी एडमंटनला राहतो. येत्या उन्हाळ्यात तीन आठवड्यांची रजा घेऊन भाड्याच्या मोटरहोमने अलास्का हायवेवरून व्हाइटहॉर्स, पुढे डॉसन सिटी, तिथून डेम्पस्टर हायवेने आर्क्टिक महासागराच्या काठावरचे टुक्टोयाक्टुक आणि परतीच्या वाटेवर अलास्कातील फेअरबँक्स व अँकरेज असा बेत आम्ही आखला आहे. अंतरे मोजली तर सारे बसते, पण मित्रमंडळी घाबरवत आहेत. आपला सल्ला काय?

उत्तर : आधी आपलेच अंतर पुन्हा एकदा मोजू. एडमंटन ते डॉसन क्रीक सुमारे ६०० किलोमीटर, तिथून अलास्का हायवेने व्हाइटहॉर्स सुमारे १,४००, व्हाइटहॉर्स ते डॉसन सिटी ५३० आणि डॉसन सिटी ते टुक्टोयाक्टुक ९०० हून थोडे अधिक. म्हणजे केवळ समुद्राला हात लावून परत यायचे तरी सात हजार किलोमीटरच्या आसपास गाडी चालवावी लागेल. एकही दिवस मुक्काम न वाढवता रोज सव्वातीनशे किलोमीटर, आणि अलास्का अजून त्यात धरलेलेच नाही. मोठ्या शहरांमधल्या महामार्गावर हा आकडा किरकोळ वाटेल, परंतु उत्तरेतला रस्ता ज्या जमिनीवर उभा आहे ती जमीनच वेगळी असल्यामुळे तिथे दिवसाचा हिशेब किलोमीटरवर करता येत नाही.

ही जमीन समजून घेतली की बाकीचे बहुतेक निर्णय आपोआप सुटतात. युकॉन या कॅनडाच्या वायव्येकडील प्रदेशाच्या मोठ्या भागात जमिनीचा वरचा थोडासा थर उन्हाळ्यात विरघळतो आणि खालची माती मात्र बर्फासकट बारा महिने गोठलेली राहते. वरचे शेवाळ पांघरुणासारखे तिला उन्हापासून झाकून ठेवते. पर्ल हार्बरवरील हल्ल्यानंतर, १९४२ साली अमेरिकन सैन्याने अवघ्या आठ महिन्यांत अलास्का हायवेची पहिली वाट काढली, तेव्हा सुरुवातीला बुलडोझरने हेच शेवाळ खरवडून काढले गेले आणि उघडी पडलेली जमीन वितळून यंत्रे चिखलात रुतली. पुढे सैनिकांनी शेवाळ तसेच ठेवून त्यावर ओंडके आडवे अंथरले आणि वरून खडी टाकली. या कामावरच्या सैनिकांत सुमारे एक तृतीयांश कृष्णवर्णीय होते आणि त्यांच्या कष्टांची दखल फार उशिरा घेतली गेली, हे त्या वाटेने जाणाऱ्या प्रत्येकाने माहीत करून घ्यावे असे मला वाटते. आज अलास्का हायवे डांबरी आहे. तरीही क्लुआनी सरोवर ओलांडल्यावर बीव्हर क्रीकपर्यंतच्या पट्ट्यात खालची जमीन खचते, फुगते आणि रस्त्याला लाटांसारखे उंचवटे येतात. मोटारीला त्यांचा धक्का बसतो; मोटरहोममध्ये मात्र मागच्या चाकांपलीकडे बराच भाग बाहेर आलेला असल्याने गाडीची शेपटी जोरात आपटते, कपाटे उघडतात आणि पाण्याच्या नळ्यांचे सांधे सैल होतात. दुरुस्तीच्या जागी रस्ता उखडून नुसती खडी पसरलेली असते, तीही कसलाही अंदाज नसताना समोर येते. अशा पट्ट्यात ताशी ६० किलोमीटरचा वेग पुरेसा आहे.

डेम्पस्टर हायवे याच्या पुढची पायरी आहे. डॉसन सिटीच्या पूर्वेला सुमारे ४० किलोमीटरवर तो फुटतो आणि सुमारे ७४० किलोमीटर चालून इनुविकला पोहोचतो. १९७९ साली खुला झालेला हा रस्ता खडीच्या जाड बांधावरून जातो, कारण खालची जमीन गोठलेली ठेवण्याचे काम त्या खडीच्याच जाडीवर सोपवलेले आहे. त्याचे दोन परिणाम वाहनचालकाने कायम ध्यानात ठेवायचे. पहिला असा की रस्त्याच्या कडा मऊ असतात, त्यामुळे समोरून ट्रक आला म्हणून अवजड मोटरहोम अगदी कडेला घेणे धोक्याचे ठरते. वेग अगदी कमी करावा, गरज पडल्यास थांबावे, पण चाके बांधाच्या पक्क्या भागावरच ठेवावीत. दुसरा परिणाम टायरचा. इथल्या खडीत काही भागांत धारदार कडांचा शेल दगड असतो. लोक पेट्रोलची चिंता करतात. ती करावी, कारण फाट्यापासून ३६९ व्या किलोमीटरवरील ईगल प्लेन्सपर्यंत पंप नाही. तरी माझ्या मते पूर्ण भरलेल्या टाकीने निघालेल्या मोटरहोमला इथे इंधन क्वचितच अडवते. अडवतो तो फाटलेला टायर. भाड्याच्या पुष्कळ मोटरहोममध्ये जादा चाकच नसते, म्हणून गाडी ताब्यात घेताना चाक, त्या वजनाला पुरेल असा जॅक आणि नट सोडवायचा पाना हे तिन्ही स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे. मागे जोडचाके असतील तर प्रत्येक थांब्यावर दोन टायरांच्या मध्ये दगड अडकला आहे का हे तपासावे. तो तसाच राहिला तर दोन्ही टायर निकामी करू शकतो.

वाटेत दोन नद्या आहेत, पील आणि मॅकेन्झी, आणि दोन्हींवर पूल नाही. उन्हाळ्यात फेरीबोट, हिवाळ्यात गोठलेल्या पात्रावरून रस्ता आणि मधल्या काळात, म्हणजे बर्फ धरताना आणि फुटताना, वाहतूक बंद. बोटीचे भाडे नाही, पण नदीला पाणी चढले किंवा ओंडके वाहून येऊ लागले की बोट थांबते आणि कधी सुरू होईल हे नदीच ठरवते. बोटीवर चढताना खडीचा उतार उभा असला तर मोटरहोमची शेपटी घासते. तिथल्या कर्मचाऱ्यांना आधी दाखवून त्यांच्या खुणेप्रमाणेच गाडी घ्यावी. यासाठी, आणि पावसात रस्ता निसरडा झाला तर स्वस्थ बसता यावे यासाठीही, डेम्पस्टरच्या बेतात किमान दोन दिवस रिकामे हवेत. रस्त्याचे काही रुंद, सरळ तुकडे आणीबाणीत विमानाची धावपट्टी म्हणून वापरले जातात आणि तसे फलक लावलेले असतात. ती जागा प्रशस्त दिसली तरी तिथे गाडी उभी करू नये.

आता बेताविषयी. अलास्का आणि टुक्टोयाक्टुक या दोहोंपैकी एकच निवडावे आणि ते टुक्टोयाक्टुक असावे, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र भाडेकरारात डेम्पस्टरची लेखी परवानगी असली पाहिजे. अनेक कंपन्या खडीच्या रस्त्यावर गाडी नेऊ देत नाहीत, काही ठरावीक गाड्यांनाच आणि जादा रक्कम घेऊन परवानगी देतात, आणि परवानगीशिवाय गेल्यास विमाही हात वर करतो. म्हणूनच मी सुचवेन की एडमंटनहून विमानाने व्हाइटहॉर्सला जावे आणि मोटरहोम तिथे भाड्याने घ्यावी. जाण्यायेण्याचे चार हजार किलोमीटर आणि नऊदहा दिवस वाचतील. त्या दिवसांत डेम्पस्टरवरील टूमस्टोन टेरिटोरियल पार्कात दोनतीन मुक्काम करता येतील, क्लुआनी सरोवर पाहता येईल आणि फोर्ट मॅकफर्सनसारख्या ग्विचिन या आदिवासी लोकांच्या वस्तीत केवळ पेट्रोल भरून पुढे न जाता थोडे थांबता येईल. इनुविकपासून टुक्टोयाक्टुकपर्यंतचा सुमारे १४० किलोमीटरचा रस्ता नोव्हेंबर २०१७ मध्ये खुला झाला. त्याआधी तिथे गाडीने जायचे तर हिवाळ्यात, बर्फावरच्या रस्त्यानेच जावे लागे. त्या गावाजवळ पिंगो नावाच्या, गाभ्यात बर्फ असलेल्या टेकड्या आहेत आणि त्यांतली इब्युक सुमारे ४९ मीटर उंच आहे. हे गाव इनुव्हियालुइट या तिथल्या आदिवासी लोकांचे घर आहे आणि त्याचा किनारा समुद्र खात चालला आहे. म्हणून तिथे कुणाच्या अंगणातून वाट काढणे, विचारल्याशिवाय माणसांची छायाचित्रे घेणे आणि गाडीतले सांडपाणी जमिनीवर सोडणे, यांतले काहीही होऊ देऊ नये.

प्रश्न : माझे वडील ७१ वर्षांचे असून त्यांना मधुमेह आहे आणि इन्सुलिन घ्यावे लागते. त्यांना घेऊन डॉसन सिटीपर्यंत मोटरहोमने जाणे सुरक्षित आहे का? — व्हँकूव्हरहून एक वाचक

उत्तर : त्यांच्या डॉक्टरांची संमती असेल तर डॉसन सिटीपर्यंत जरूर न्यावे, अशा प्रवाशासाठी मोटरहोमइतके सोयीचे वाहन नाही, कारण जेवणाची वेळ, स्वच्छतागृह आणि आडवे होण्याची जागा हे तिन्ही सतत हाताशी असते. इन्सुलिनच्या बाबतीत मात्र गाडीतल्या फ्रिजवर डोळे झाकून विसंबू नये. मोटरहोममध्ये पुष्कळदा प्रोपेन गॅसवर चालणारा फ्रिज असतो. त्यातले द्रव गुरुत्वाकर्षणाने फिरते आणि गाडी तिरपी उभी राहिली तर थंडावा नीट तयार होत नाही. त्यामुळे मुक्कामाच्या जागी गाडी समपातळीत आहे ना, हे आधी पाहावे. उलट फ्रिजच्या आतल्या, थंडावा देणाऱ्या धातूच्या पातळ पट्ट्यांना टेकून ठेवलेले इन्सुलिन गोठू शकते आणि एकदा गोठलेले इन्सुलिन नंतर पातळ झाले तरी वापरायचे नसते. फ्रिजच्या दारातल्या कप्प्यात एक साधा थर्मामीटर ठेवून सकाळ-संध्याकाळ पाहावे, आणि अर्धा साठा फ्रिजच्या बाहेर, वेगळ्या थंड पिशवीत बाळगावा. पेट्रोल भरताना आणि बोटीवर चढताना प्रोपेन बंद करायचा असतो, तो नंतर पुन्हा सुरू करण्याची जबाबदारी एकाच माणसाकडे द्यावी. दोघांवर सोपवली की ती राहून जाते.

रुग्णालये वॉटसन लेक, व्हाइटहॉर्स आणि डॉसन सिटी इथे आहेत. मधल्या गावांत आरोग्य केंद्रे आहेत, परंतु त्यांच्यामधली अंतरे मोठी असून शेकडो किलोमीटर मोबाइल लागत नाही. म्हणून उपग्रहावरून संदेश पाठवणारे छोटे यंत्र भाड्याने घ्यावे किंवा आपल्या फोनमध्ये तशी सोय असल्यास ती निघण्यापूर्वी वापरून पाहावी. औषधे ठरलेल्या दिवसांपेक्षा किमान आठवडाभर अधिक असावीत आणि साखर अचानक उतरली तर द्यायच्या गोळ्या चालकाच्या आसनाशेजारीच असाव्यात, मागच्या कपाटात नव्हे, कारण धक्क्याच्या रस्त्यावर चालत्या गाडीत उठून मागे जाणे वडिलांनाही घातक आणि आपल्यालाही. एका दिवशी ३०० किलोमीटरहून अधिक जाऊ नये. लिअर्ड नदीकाठच्या गरम पाण्याच्या झऱ्यांवर थांबणार असाल तर पाण्यात उतरण्यापूर्वी साखर तपासावी, कारण उष्णतेने इन्सुलिन शरीरात लवकर शोषले जाते.

प्रश्न : जून की ऑगस्ट? आम्हाला उत्तरेचा प्रकाशही (ऑरोरा) पाहायचा आहे आणि मध्यरात्रीचा सूर्यही.

उत्तर : दोन्ही एका सहलीत मिळणार नाहीत. इनुविकला उन्हाळ्यात पन्नासहून अधिक दिवस सूर्य मावळत नाही आणि डॉसन सिटीतही जूनमध्ये खरा अंधार होत नाही. अंधार नाही तर उत्तरेचा प्रकाश दिसणार कसा? तो हवा असेल तर ऑगस्टचा शेवटचा आठवडा निवडावा. तेव्हा टूमस्टोनच्या दऱ्या लाल-पिवळ्या होतात, डासही कमी झालेले असतात. रात्री मात्र पारा शून्याखाली जाऊ शकतो, त्यामुळे बाहेर जोडलेला पाण्याचा पाइप झोपण्यापूर्वी काढून ठेवावा आणि गाडीतली उष्णता रात्रभर मंद चालू ठेवावी. जूनमध्ये जाणार असाल तर खिडक्यांना जाड काळे पडदे लावा आणि घड्याळ पाहून झोपा. उजेड आहे म्हणून मध्यरात्रीपर्यंत गाडी चालवत राहण्याचा मोह तिथे सगळ्यांनाच होतो आणि थकलेल्या चालकासमोर मूस नावाची मोठी हरणे नाहीतर बायसन (तिथले गवे) उभे राहतात.

प्रश्न : मुक्काम कुठे करावा, आणि अस्वलांचे काय?

उत्तर : युकॉन सरकारची कॅम्पग्राउंड उत्तम आहेत. तिथे विजेची आणि पाण्याची जोडणी नसते, पण शुल्कातच जळाऊ लाकूड मिळते आणि बहुतेक ठिकाणी पाणी उकळून प्यावे लागते. शौचालयाची आणि धुण्याची टाकी केवळ डम्प स्टेशनवरच, म्हणजे सांडपाणी सोडण्यासाठी नेमलेल्या जागीच, रिकामी करावी. पुढचे स्टेशन किती लांब आहे हे सकाळी निघतानाच विचारून घ्यावे आणि टाकी अर्धी भरली असली तरी संधी सोडू नये. अस्वलांच्या बाबतीत नियम एकच, गाडीबाहेर वास ठेवू नये: शेगडी, तेल सांडलेला टेबलपोस, कुत्र्याचे खाणे, कचऱ्याची पिशवी, सारे रात्री गाडीच्या आत. अस्वलाला पळवणारा मिरीचा फवारा कॅनडात बाळगता येतो. तो जंगलात चालताना पिशवीच्या तळाशी नको, कमरेला हवा, आणि विमानात तो नेता येत नाही म्हणून व्हाइटहॉर्सला पोहोचल्यावरच विकत घ्यावा. रस्त्यालगत अस्वल दिसले तर खिडक्या बंद ठेवून पुढे जावे. छायाचित्रासाठी दार उघडून उतरणाऱ्या प्रवाशांमुळे ते माणसांना सरावते, आणि माणसांना सरावलेल्या अस्वलाला पुष्कळदा गोळी घालावी लागते.