विधानसभेत बहुमत मिळालं, आता कार्यकर्त्यांच्या आणि मतदारांच्या अपेक्षा कशा सांभाळायच्या?

तुम्ही लिहिलंय की तुमच्या पक्षाची सत्ता आली, तुम्ही तालुक्याचे सरचिटणीस आहात, सकाळी सातपासून माणसं दारात असतात, प्रचारात एका गावाला जेटीचा शब्द देऊन झालाय आणि आता कुणीही नाराज होऊ नये म्हणून काय करावं. नाराज होणारच. ते आधी डोक्यातून काढा. ज्याला कुणालाच नाराज करायचं नाही, तो शेवटी सगळ्यांना "बघू, होईल" सांगत सुटतो, आणि त्या दोन शब्दांनी काय होतं ते मी बघितलंय. म्हणूनच एवढं लिहायला बसलो.

मी कोकण किनाऱ्यावरच्या एका तालुक्यात अकरा वर्षं तुमचंच पद सांभाळलं. पक्ष, साल, तालुका सांगत नाही. यातलं एक जरी सांगितलं तरी माणसं ओळखू येतील.

निकाल दिवाळीच्या तोंडावर लागला होता. कपड्यांवरचा गुलाल जायच्या आत कार्यालयात रांग लागली. पहिल्या आठवड्यात आलेल्यांत साधा मतदार जवळजवळ नव्हताच, सगळे आपलेच. कुणाला विशेष कार्यकारी अधिकारी व्हायचं होतं, कुणाला संजय गांधी निराधार योजनेच्या तालुका समितीवर जायचं होतं, कुणाला शिक्षक मेहुण्याची बदली हवी होती, कुणाला २५१५ या ग्रामविकासाच्या निधीतून वाडीचा साकव, म्हणजे ओढ्यावरचा छोटा पूल. आमच्या तालुकाध्यक्षांनी मला दोनशे पानी वही आणायला लावली. म्हणाले, "आलेल्या प्रत्येकाचं नाव आणि काम लिहून घे. वहीत नाव चढलं की माणूस शांत होतो." मी लिहीत गेलो. शिमग्यापर्यंत वही भरली. माणसं खरंच शांत झाली होती, कारण त्यांना वाटत होतं की वहीत चढलेलं काम मार्गी लागलं.

त्या वहीतलं एक काम मी निवडणुकीतच स्वतःच्या तोंडाने देऊन बसलो होतो. खाडीच्या मुखाशी एक मच्छीमारांची वाडी आहे. दर पावसाळ्यात अमावास्या-पौर्णिमेचं उधाण तिथली जमीन खातं, माड मुळासकट जातात. प्रचारात मी एका काकीच्या खळ्यात उभा राहून म्हटलं होतं, "आमचं सरकार आलं की पहिला धूपप्रतिबंधक बंधारा तुमच्या माडांखाली." टाळ्या पडल्या. मला तेव्हा हेही माहीत नव्हतं की बंधाऱ्याचा आराखडा पत्तन अभियंत्याच्या, म्हणजे किनाऱ्यावरची बांधकामं बघणाऱ्या कार्यालयात होतो, किनाऱ्यावर दगड टाकायचा तर सीआरझेडची, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राच्या नियमांखालची मान्यता लागते, आणि या दोन्ही टेबलांवर आमच्या गुलालाचा काही परिणाम होत नाही.

पुढच्या सहा महिन्यांत त्या बंधाऱ्याचा नारळ तीनदा फुटला. एकदा आमदारांच्या हस्ते, एकदा जिल्ह्याच्या नेत्यांच्या हस्ते आणि एकदा जिल्हा परिषदेची निवडणूक जवळ आली म्हणून उमेदवाराच्या हस्ते. तिन्ही वेळा मांडव मी घातला. दगड एकदाही आला नाही.

मे महिन्याच्या शेवटी मी स्वतः पत्तनच्या कार्यालयात जाऊन फाइल कुठे आहे ते विचारलं. मान्यता नव्हती, निविदेचा तर प्रश्नच नव्हता. पाऊस दहा-बारा दिवसांवर आला होता. परत आल्यावर अध्यक्षांना म्हटलं, वाडीत जाऊन सांगायला हवं. ते म्हणाले, "वेडा आहेस काय? खरं सांगितलंस तर मतं जातात. पावसात तसंही काम होत नाही हे त्यांना कळतं. दिवाळीनंतर बघू." आमचं पहिलं भांडण ते. मी संध्याकाळी एकटाच गेलो.

काकी वाळत घातलेली सुकी मासळी भरत होती. मी सांगितलं की या पावसाआधी बंधारा होणार नाही, पुढच्या पावसाआधी होईल असंही मी सांगू शकत नाही. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मगे नारळ कित्याक फोडलास रे झिला? तीनदा?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. पण दुसरं वाक्य ती जे बोलली, ते तुमच्यासाठी लिहितोय: "आदी सांगलं असतंस तर मांगर वर नेलो असतो."

जाळी ठेवायचा तिचा मांगर किनाऱ्याच्या अगदी कडेला होता. गेल्या पावसातच तो मागे घ्यायचं तिच्या मुलांच्या मनात होतं. पण बंधारा येणार म्हटल्यावर त्यांनी हात थांबवला होता. माझ्या शब्दावर.

मुलांनी चार दिवसांत मांगर सोडवून पाणंदीच्या वर उभा केला. वाळूच्या गोण्या भरून माडांच्या बुंध्याशी रचल्या. आषाढातल्या उधाणात जुन्या मांगराची जागा आणि दोन माड गेले, जाळी वाचली. वाडीच्या टोकाला मात्र तीन घरं आहेत, तिथे मी त्या संध्याकाळी पोचलो नव्हतो. काळोख झाला होता, म्हटलं उद्या जाऊ, आणि उद्या दुसरंच काम निघालं. त्यातल्या एकाला अध्यक्षांनी बाजारात सांगितलं होतं, "चार दिवसांत दगड पडतात बघ." त्याची जाळी आणि इंजिनाचे सुटे भाग मांगरासकट गेले. त्या घरासमोरून जाताना मी अजूनही मान वर करत नाही.

म्हणून मला या प्रश्नात 'अपेक्षा सांभाळणे' हा शब्दच पटत नाही. आशा दाखवायला पैसे पडत नाहीत असं आपल्याकडे सगळे धरून चालतात. पडतात, आणि ते समोरच्याच्या खिशातून जातात. तुमच्या शब्दावर विसंबून माणूस स्वतःची सोय करायची थांबतो. जेटी येणार म्हणून कुणी मोठ्या होडीसाठी कर्ज काढतो, बदली होणार म्हणून कुणी पोराचं नाव दुसऱ्या शाळेत घालत नाही. 'नाही' ऐकून तो चार दिवस शिव्या देईल, पण आपल्या कामाला तरी लागेल.

आता कार्यकर्त्यांचं. त्यांना पहिल्याच बैठकीत आकडे सांगा, आणि तोंडी नको, फळ्यावर लिहून. २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीनंतर मंत्रिमंडळ सभागृहाच्या १५ टक्क्यांच्या वर जाऊ शकत नाही. आपल्या विधानसभेच्या जागा २८८, म्हणजे मुख्यमंत्री धरून जास्तीत जास्त ४३ मंत्री. बहुमताला १४५ आमदार लागतात, म्हणजे शंभरावर आमदारच आधी नाराज असतात. मग तालुक्यातल्या माणसाने महामंडळाची स्वप्नं कशाला बघायची? आमदार निधी आता वर्षाला ५ कोटी आहे. मतदारसंघात अडीच लाख मतदार धरले तर माणशी २०० रुपये. असाच हिशोब मी एकदा बूथप्रमुखांसमोर मांडला, तेव्हा खोली गप्प झाली आणि नंतर दोघा-तिघांनी आपणहून वहीतलं काम मागे घेतलं.

दुसरं म्हणजे वेळ. निवडणूक ऑक्टोबर-नोव्हेंबरात झाली तर डिसेंबरच्या नागपूर अधिवेशनात पुरवणी मागण्यांत जे बसेल ते बसेल, बाकी सगळं मार्चच्या अर्थसंकल्पात. त्यानंतर प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश. तोवर कोकणात पाऊस येतो आणि डांबराचं काम थांबतं. म्हणजे आज शब्द दिलेला रस्ता सगळं सुरळीत झालं तरी पुढच्या हिवाळ्यात. मध्ये आचारसंहिता आली तर आणखी पुढे. हे वेळापत्रक प्रत्येक वाडीत सांगा. लोकांना फाइल कुठल्या टेबलावर आहे हे कळलं की ते तुमच्या दारात येण्याऐवजी त्या टेबलावर जातात, आणि काम त्यानेच हलतं.

"खरं सांगितलं की मतं जातात" हे अध्यक्षांचं वाक्य मात्र मी कधीच मान्य केलं नाही. त्यांना मी तेव्हा जे सांगितलं तेच इथे सांगतो. समाजवादी नेते मधू दंडवते १९७१ ला कोकणातल्या राजापूरमधून लोकसभेत गेले. १९७७ ला जनता पक्षाचं सरकार आलं आणि ते थेट रेल्वेमंत्री झाले. आमच्या घरात तेव्हा रोज रेल्वेचीच बोलणी. आपला माणूस रेल्वेमंत्री, मग आता गाडी आलीच, असं सगळ्यांना वाटत होतं. सरकार १९७९ ला गेलं, गाडी आली नाही. तरी राजापूरने त्यांना १९८०, १९८४ आणि १९८९ ला पुन्हा निवडून दिलं. १९९० ला ते अर्थमंत्री आणि जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री असताना कोकण रेल्वे महामंडळ झालं, आणि त्याच्या पुढच्याच वर्षी, १९९१ ला, दंडवते पडले. पूर्ण मार्गावर गाडी धावली ती १९९८ च्या २६ जानेवारीला. गाडी नसताना तीनदा मतं दिली आणि गाडीचं काम हाती घेतल्यावर पाडलं! मत आणि काम यांचा हिशोब इतका सरळ नसतो. मग मतांसाठी म्हणून खोटं बोलायचं तरी कशाला?

अध्यक्षांनी हे ऐकून घेतलं आणि पुढच्या बैठकीत सगळ्यांदेखत म्हणाले की मी विरोधकांचं काम केलं. माझं पद गेलं. पुढच्या निवडणुकीत त्या वाडीच्या बूथवर आमची मतं घटली, हे कबूल करतो. ते आजही जत्रेत भेटले की म्हणतात, "तुझ्या जिभेने घालवली." मी म्हणतो, तीन नारळांनी घालवली. यावर आमचं जमणार नाही.

दोन गोष्टी राहिल्या. दवाखान्याचं काम या सगळ्यातून वगळा. ऑपरेशनला मदत हवी असलेल्या माणसाला आकडे ऐकवू नका, कागद घेऊन स्वतः त्याच्याबरोबर जा. आणि दुसरं, मी हे खरं बोलणं करू शकलो कारण माझी आंब्याची बाग होती, घर पक्षावर चालत नव्हतं. तुमचं चालत असेल तर माझ्याइतकं सरळ बोलण्याआधी घरात विचारा. शिवाय युतीचं सरकार असेल तर मित्रपक्षाच्या वाट्याची खाती आणि समित्या तुमच्या हातात नाहीत, त्यांच्यावर शब्द देऊच नका.

बंधारा पुढे झाला, दुसऱ्या पक्षाच्या काळात. तो काकीच्या जमिनीच्या अलीकडे पन्नासेक पावलांवर संपतो, तेवढ्यापुरताच निधी होता म्हणे. वही माझ्याकडेच आहे.

तुमच्या जेटीच्या गावात अजून गेला नसाल तर या आठवड्यात जा. जाण्याआधी मेरीटाइम बोर्डाकडे, म्हणजे बंदरं आणि जेटी बघणाऱ्या मंडळाकडे, फाइल आहे का, ते विचारून घ्या. आणि दुपारीच निघा, म्हणजे शेवटच्या घरापर्यंत काळोख व्हायच्या आत पोचाल.