गाडीचा आवाज आला की हात गळ्याशी जातो

प्रश्न : मी नाशिकला इंदिरानगरमध्ये राहते. वय ५८. मधुमेह आहे, म्हणून अकरा वर्षं रोज पहाटे पाऊण तास चालत होते. मार्गशीर्षातल्या एका गुरुवारी सहाच्या सुमारास, आमच्याच गल्लीत, माझ्या पुढे चाललेल्या शेजारीणबाईंचं मंगळसूत्र मोटारसायकलवरच्या दोघांनी खेचलं. त्या पडल्या. मी वीस पावलांवर होते, पण तोंडातून आवाज फुटला नाही. मुलगा म्हणाला, पोलिसांच्या भानगडीत पडू नकोस, म्हणून पाहिलेलं कुणाला सांगितलं नाही. चार महिने झाले, हॉल ते गॅलरी अशा घरातच चकरा मारते. तीन महिन्यांची सरासरी साखर ७.१ होती, ती ८.४ झाली. मुलगा ट्रेडमिल घेऊ म्हणतो. हे म्हणतात, जॉगिंग ट्रॅकवर स्कूटरने सोडतो. पण दूध आणायला खाली उतरले तरी मागून गाडीचा आवाज आला की हात गळ्याशी जातो. मी भित्री आहे का? पुन्हा सुरुवात कशी करू?

उत्तर : ताई, भित्र्या नाही आहात. मी ३२ वर्षं पोलिस खात्यात होते, फौजदार म्हणून निवृत्त झाले. मंगळसूत्र खेचल्यावर मानेवर उठणारा लाल वळ मी कितीतरी बायकांच्या गळ्यावर पाहिलाय. दोऱ्याएवढा बारीक असतो, आठ-दहा दिवसांत मावळतो. हात गळ्याशी जायची सवय मात्र वर्षवर्ष सुटत नाही. आणि जिचं गेलं तिलाच ती लागते असं नाही, जिने पाहिलं तिलाही लागते.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. ‘आवाज फुटला नाही’ आणि ‘कुणाला सांगितलं नाही’ या दोन वाक्यांपाशी दर वेळी थांबले. चार महिन्यांत त्या शेजारणीकडे गेलात का, ते तुम्ही लिहिलेलं नाही. माझा अंदाज, गेला नसाल. रस्त्याची भीती आहेच, पण त्या रस्त्यावर त्यांचं घरही आहे. समोर आल्या तर काय बोलायचं, हेही तुम्हाला घरात धरून ठेवतंय, असं मला वाटतं.

नोकरीच्या पहिल्या वर्षी बसस्थानकावर माझी ड्यूटी होती. दोन माणसांची मारामारी जुंपली, एकाने चाकू काढला. शिट्टी माझ्या हातात होती आणि मी ती तोंडाला लावू शकले नाही. शेजारच्या हमालाने आरडाओरडा केला म्हणून लोक धावले. ट्रेनिंग झालेल्या, अंगावर वर्दी असलेल्या बाईची ही गत. चेन खेचायला पाच-सात सेकंद लागतात. तेवढ्यात तुमचा गळा आवळला यात तुमचा काही दोष नाही.

म्हणून पहिला फेरा त्या शेजारणीच्या दारापर्यंत. त्यांना सांगा, मी मागे होते, मी पाहिलं, मला ओरडता आलं नाही. रागावल्या तर रागावू द्या. बहुतेक रागावणार नाहीत. आपलं खोटं वाटेल, ‘एकटी कशाला गेलीस’ असं ऐकावं लागेल, या चिंतेत अशा बायका महिनोन्‌महिने घरी बसतात. कुणीतरी पाहिलं होतं, हे कळलं की त्यांना फार हायसं वाटतं.

मग त्यांनी फिर्याद दिली आहे का ते विचारा. दिली असेल तर तुमचा जबाब उपयोगाचा आहे. गाडीचा रंग, मागच्याने डोक्यावर काय घातलं होतं, कुठल्या बाजूला वळले, आठवेल तेवढं सांगायचं, अंदाजाने भर घालायची नाही. आणि मुलाला हे वाचून दाखवा : साक्षीदार बाई असेल तर तिला जबाबासाठी तिच्या राहत्या घराशिवाय दुसरीकडे यायला भाग पाडता येत नाही, हे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १७९ कलमात लिहिलंय. पोलिसांनी घरी यायचं. हिसकावून चोरी करण्याला भारतीय न्याय संहितेत ३०४ हे स्वतंत्र कलम आहे, १ जुलै २०२४ पासून लागू झालेलं, तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. त्या कलमाखाली शिक्षा व्हायची तर कुणीतरी ‘मी पाहिलं’ म्हणायला हवं.

आता चालण्याचं. ट्रेडमिल सध्या नको. यंत्रावर साखर उतरेल, पण गल्लीची भीती होती तिथेच राहील. शिवाय पहाटे चालणाऱ्या बायका एकेक करून घरात गेल्या की गल्ली सुनी पडते, आणि चोराला तीच हवी असते. तुमच्या यजमानांनी स्कूटरने सोडण्याऐवजी पहिले पंधरा दिवस सोबत चालावं. मार्गशीर्षात सहाला अंधार असतो, आता चैत्रात साडेसहाला लख्ख उजाडतं, तेव्हाच निघा. पहिल्या आठवड्यात घर ते शेजारणीचं फाटक आणि परत. तेवढंच, पण रोज. छातीत धडधडलं तरी परत फिरू नका. तिथेच उभ्या राहा, धडधड ओसरली की पुढे. घरातल्या चकरा तोवर चालू ठेवा, वाया जात नाहीत. आठवड्याला दीडशे मिनिटं भरली पाहिजेत. पण वाढलेल्या साखरेसाठी डॉक्टरांना दाखवायचं लांबवू नका.

रस्त्याच्या उजव्या कडेने चाला, म्हणजे तुमच्या बाजूची गाडी समोरून येते, दिसते. मागून आवाज आलाच तर मान न वळवता पूर्ण वळून बघा, लाजू नका. पत्ता विचारायला गाडी हळू झाली तर चालत राहून लांबूनच उत्तर द्या. गळ्यात काळी पोत दोऱ्यात ओवून घाला, सोनं कपाटात. यावर घरात कुणी काही म्हणालं तर माझं नाव सांगा. आणि कधी कुणी हात घातलाच तर धरून ठेवू नका, सोडून द्या. खुब्याचं हाड मोडलेल्या दोन बायका मी पाहिल्यात, दोघींनीही पदक घट्ट धरलं होतं. ओरडा, माणसं गोळा झाली की ११२ ला फोन.

त्या जागी दिवा आहे का, तेही बघा. अशा पंचनाम्यांत दिवा असतो, पण झाडाच्या फांद्यांत बुडालेला, उजेड पानांवर आणि खाली काळोख. खांबावरचा नंबर लिहून घ्या. फांद्यांसाठी महापालिकेचा उद्यान विभाग, दिव्यासाठी विद्युत विभाग, दोन्हीकडे अर्ज द्या आणि पोच घ्या. गल्लीतल्या दहा बायकांच्या सह्या असल्या तर उत्तम. त्या निमित्ताने दहा दारं वाजतील.

माझी आई अशीच घरी बसली होती. शेजारी घरफोडी झाली आणि तिने संध्याकाळी देवळात जाणं सोडलं. मी पोलिसात, मला वेळ नव्हता, ‘नको जाऊस तर’ म्हणाले. दीड वर्षाने भीती गेली तेव्हा गुडघ्यांनी साथ सोडली होती, देवळाच्या पाच पायऱ्या तिला चढता येईनात. ते शब्द मी परत घ्यायला हवे होते.

अर्जावर पहिली सही त्या शेजारणीची घ्या. फाटकाशी गेल्यावर त्यांना एवढंच विचारा, उद्या साडेसहाला येता का?