घरी स्वतःच्या हाताने इलेक्ट्रिक गिटार बनवता येते का? सागाचं लाकूड चालतं का, आणि खर्च किती येतो?

तुमच्या प्रश्नात शेवटी एक ओळ आहे, "क्लासचे सर म्हणतात देशी लाकडाची गिटार वाजत नाही, तयारच घे." बाकीचं नंतर सांगतो, आधी या ओळीवर बोलतो, कारण हे वाक्य मी २०१७ साली जवळजवळ याच शब्दांत ऐकलंय.

मी तेव्हा पुण्यात नोकरीला होतो आणि शनिवारी गिटारच्या क्लासला जायचो. एकदा सरांना सांगितलं की उन्हाळ्यात मिरजेला घरी जाऊन गिटार बनवणार आहे, वडील सुतार आहेत, जुन्या घराची सागाची चौकट पडलीये ती वापरू. सर म्हणाले, "सागाची? मग फर्निचर होईल रे, गिटार नाही होणार." सगळा क्लास हसला. मी काही बोललो नाही, पण आमच्या आण्णांनी चाळीस वर्षं फर्निचरच केलं, त्या फर्निचरवर आम्ही दोघं भावंडं शिकलो, त्यामुळे तो शब्द जो लागला तो लागला.

तर तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर: साग चालतो. नुसता चालत नाही, चांगला चालतो.

आता हे ठासून का म्हणतो ते ऐका. सॉलिड बॉडी इलेक्ट्रिक गिटारमध्ये आवाज उचलतो पिकअप. लोहचुंबक आणि त्याभोवती तांब्याची तार, स्टीलची स्ट्रिंग वरती हलली की त्या तारेत करंट तयार होतो, तो ॲम्पला (ॲम्प्लिफायरला) जातो. पिकअपला लाकडाची जात कळत नाही. अमेरिकन गिटारवादक लेस पॉलने १९४० च्या सुमारास जे त्याचं प्रसिद्ध 'लॉग' केलं ते चार बाय चार इंचाचा पाइनचा ओंडकाच होता, गिटारसारखं दिसावं म्हणून बाजूला दुसऱ्या गिटारचे पंख लावले. आणि क्वीन या ब्रिटिश रॉक बँडचा गिटारवादक ब्रायन मे. त्याने आणि त्याच्या वडिलांनी १९६३ साली घरीच गिटार करायला घेतली, तिची नेक (तारांखालचा लांब दांडा) जुन्या फायरप्लेसच्या लाकडाची आहे, लाकडाला कीड लागलेली होती ती भोकं काडेपेटीच्या काड्यांनी बुजवली, बॉडीत जुन्या टेबलाचं ओक आहे, ट्रेमोलोला (तारांचा ताण हलवून सूर खालीवर करायची सोय) जुन्या मोटरसायकलच्या व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा आहेत. तीच गिटार घेऊन तो पुढे स्टेडियमं भरवत राहिला. म्हणजे टेबल आणि फायरप्लेस. फर्निचरच की हे! हे मला त्या शनिवारी माहीत नव्हतं, नाहीतर तिथेच बोललो असतो.

गिटार बिघडते ती मापात बिघडते. माझी पहिली फ्रेटबोर्ड, म्हणजे नेकवरची ती लाकडी पट्टी जिच्या खाचांत धातूच्या आडव्या फ्रेट बसतात, वाया गेली ती अशीच.

शिसवीच्या जुन्या पलंगाची बाजूची पट्टी होती, ती आण्णांनी रंध्याने सहा मिलीमीटरवर आणून दिली. स्केल, म्हणजे नट (नेकच्या वरच्या टोकाची पट्टी) ते ब्रिज (बॉडीवर तारा टेकतात तो भाग) ही तारेची लांबी, मी ६४८ मिलीमीटर धरलं, म्हणजे साडेपंचवीस इंच. फ्रेटच्या जागांचा हिशोब असा, उरलेल्या लांबीला १७.८१७ ने भागायचं, पहिली फ्रेट ३६.३७ वर येते, मग उरलेल्याला परत भागायचं, असं करत जायचं. मी काय केलं, पहिल्या फ्रेटपासून दुसरी मोजली, दुसरीपासून तिसरी, पेन्सिलने रेघा मारत बावीसपर्यंत गेलो, सगळ्या खाचा पाडल्या आणि संध्याकाळी सहज बारावी मोजली तर ३२६. पाहिजे होती ३२४, बरोबर निम्म्यावर. प्रत्येक रेघेत थोडं थोडं सरकत दोन मिलीमीटर गेले. दोन मिलीमीटर म्हणजे बाराव्या फ्रेटवरचा सूर कानाला टोचेल इतका चुकीचा.

मी पट्टी टाकून दिली आणि आत जाऊन बसलो. आण्णा तोपर्यंत या सगळ्यात फारसे नव्हते, पोराची हौस म्हणून बघत होते. त्यांनी ती पट्टी उचलली, चष्मा लावून बघितली आणि मला बाहेर बोलावलं.

"एकापुढं एक माप धरलंस व्हय रे?"

हो म्हणालो.

"खिडकीचे गज कधी आसं आखतोय का आपण? एका टोकापास्नं धर सगळी मापं. आनि पेन्सिल ठेव तिकडं, पेन्सिलीच्या रेघंला जाडी आसती."

दुसऱ्या दिवशी पलंगाची दुसरी बाजू कापली. मी कागदावर बावीसही आकडे नटपासूनचे लिहून काढले, पाचवी १६२.५५, सातवी २१५.५१, शेवटची ४६६.१६ अशी, मी आकडा वाचायचो आणि आण्णा स्टीलची पट्टी एकदाच क्लॅम्पने बसवून, ती अजिबात न हलवता, ब्लेडच्या टोकाने खूण करायचे आणि मग गुण्या लावून ब्लेडनेच रेघ ओढायचे. ब्लेडच्या रेघेत करवत आपोआप बसते, इकडे तिकडे सरकत नाही. फ्रेटची करवत तेव्हा आमच्याकडे नव्हती. खाच पाहिजे साधारण ०.६ मिलीमीटरची आणि घरातली सगळ्यात पातळ करवतही त्याच्या दुप्पट. आण्णांनी हॅक्सॉचं पातं घेतलं आणि ऑईलस्टोनवर दोन्ही बाजूंनी आडवं घासत बसले, दातांना बाहेर जो फाक दिलेला असतो तो जाईपर्यंत, मधेमधे एका टाकाऊ तुकड्यावर कापून त्यात फ्रेटवायर घालून बघायचे. अर्धा तास तरी गेला असेल. मग एका खाचेत वायर हातोडीच्या दोन हलक्या ठोक्यांत बसली आणि परत ओढून निघेना, तेव्हा म्हणाले, "हां. आता झालं."

बारावी ३२४ वर आली. मी तीनदा मोजली.

त्या दिवसापासून ती गिटार आमच्या दोघांची झाली. त्यांनी मला विचारलं सहा तारांचा मिळून ताण किती, मी सांगितलं साधारण ४५ किलो, दहाचा सेट (सगळ्यात बारीक तार ०.०१० इंचाची) लावला तर. ते जरा वेळ गप्प बसले आणि म्हणाले मग हिला तुळईसारखं बघायला पाहिजे. नेक एकाच तुकड्याची न करता त्यांनी सागाच्या दोन पट्ट्या आणि मधे शिसवीची एक अशी चिकटवली, सागाच्या दोन्ही पट्ट्यांच्या शिरा उलटसुलट ठेवून, म्हणजे एक वाकायला लागली तर दुसरी तिला धरते. ट्रस रॉड (नेकच्या आतला लोखंडी दांडा, तो फिरवून वाकलेली नेक सरळ करता येते) टाकलाच, तो टाकाच, त्यात वाद नको. नेकचा मागचा गोल भाग पटाशी, कानस आणि शेवटी काचेच्या फुटक्या तुकड्याने खरवडून केला, पहिल्या फ्रेटपाशी २१ मिलीमीटर आणि बाराव्यापाशी २३. काचेने खरवडलेलं लाकूड हाताला जसं लागतं तसं पॉलिश पेपरने होत नाही, हे माझं मत आहे आणि ते बदलणार नाही.

बॉडीत एक अडचण आली ती तुम्हालाही येईल. साग जड असतो. ४४ मिलीमीटर जाडीची भरीव बॉडी नुसतीच तीन किलोच्या वर जात होती. म्हणून साग ३६ ठेवला, आतून राऊटरने (लाकूड कोरायच्या मशीनने) पोकळ्या काढल्या आणि वर आठ मिलीमीटरची तूनची फळी चिकटवली. तून आम्हाला मिळाला आण्णांच्या एका मित्राकडून, ते मिरजेतच सतारी करतात. मिरजेत सतार-तंबोऱ्याचं काम दीडशे वर्षांहून जास्त चालू आहे, सतारीला तून आणि सागच वापरतात, २०२४ मध्ये त्याला जीआय टॅगही (भौगोलिक मानांकन) मिळाला, आणि त्याच गावातल्या पोराला पुण्यात ऐकावं लागतं की देशी लाकूड वाजत नाही. ते काका एकदा गिटार बघायला आले, एक डोळा मिटून नेकवरून नजर टाकली आणि विचारलं की याला जवारी कशी काढता. मी म्हटलं आमच्यात तार फ्रेटला घासून झणझणली की तो दोष, आम्ही फ्रेट घासून तो घालवतो. ते म्हणाले आम्ही तोच झणकार आणायला घोडी (तारा टेकतात ती पट्टी) घासतो. मग स्वतःच कानस मागून घेतली, दोन उंच फ्रेट बोटानेच ओळखल्या आणि घासून दिल्या. फ्रेट लेव्हल करायला मी जी महागडी पट्टी मागवली होती तिच्यावर नंतर तपासलं, कुठेच उजेड दिसला नाही.

खर्चाचं विचारलंय. २०१८ मध्ये मला लाकूड सोडून साडेबारा हजाराच्या आसपास लागले. त्यात सगळ्यात जास्त पिकअप, मग ट्यूनर आणि ब्रिज, बाकी ट्रस रॉड, फ्रेटवायर, पॉट (आवाज आणि टोन कमीजास्त करायची बटणं), जॅक, तांब्याची टेप, लॅकर. आता जास्त लागतील. पिकअप घरी गुंडाळायच्या नादाला पहिल्याच वेळी लागू नका, केसासारख्या तारेचे सात-आठ हजार वेढे असतात, ब्रायन मेनेसुद्धा स्वतःचे करून बघितले आणि शेवटी विकतचे बसवले. सिंगल कॉइलला (एका वेटोळ्याच्या पिकअपला) २५० केचे (किलोओहमचे) पॉट, हमबकरला (दोन वेटोळ्यांच्या पिकअपला) ५०० केचे. पोकळ्यांना आतून तांब्याची टेप आणि ब्रिजखालून अर्थची वायर, नाहीतर नुसतं घुंऽऽ ऐकू येईल.

सागाबद्दल दोन गोष्टी मात्र नीट ऐका. साग तेलकट असतो, चिकटवायच्या आधी जोड थिनरने किंवा ॲसिटोनने पुसा आणि लगेच चिकटवा, नाहीतर जोड सुटतो. आणि जुनी चौकट असेल तर रंधा मारायच्या आधी चुंबक फिरवा. आमच्या चौकटीत एक मोडका खिळा आत राहिला होता, आण्णांच्या तीस वर्षं जुन्या रंध्याच्या पात्याला खाच पडली. ते काही बोलले नाहीत पण मला आजही वाईट वाटतं. लॅकर पावसाळ्यात मारू नका, पांढरं पडतं.

गिटार झाली जूनच्या पहिल्या आठवड्यात, वजन ३.९ किलो. पुण्याला आलो तेव्हा क्लासला घेऊन गेलो. सरांना म्हटलं वाजवून बघा. त्यांनी हातात घेतली, उलटसुलट केली, नेकच्या जोडावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "फिनिशिंग छान आहे," आणि स्टँडवर ठेवली. वाजवली नाही. एक कॉर्डसुद्धा नाही. आज इतकी वर्षं झाली, मला अजून ते समजत नाही. आवडली नसती तर चाललं असतं, वाजवून म्हणाले असते की सस्टेन कमी आहे, हाय एंड नाही, काहीही, मी ऐकून घेतलं असतं. न वाजवता लाकडाबद्दल बोलायचा अधिकार कोणालाच नाही. तुमच्या सरांनी सागाची गिटार वाजवली आहे का हे आधी विचारा त्यांना.

आता हे आधीच सांगायला हवं होतं: मी बोलतोय ते सॉलिड बॉडी इलेक्ट्रिकबद्दल. अकूस्टिकचं पूर्ण वेगळं आहे, तिथे वरची फळीच आवाज करते, तिथे लाकडाची जात आणि जाडी दोन्ही बघावं लागतं. आणि इलेक्ट्रिकमध्येही लाकूड कडक आणि मुरलेलं पाहिजे, ओलसर किंवा भुसभुशीत लाकडाची नेक उभी राहणार नाही. शिसवीची आणि सागाची धूळ काहींना बाधते, मला हातावर पुरळ उठलं होतं, मास्क लावूनच घासा. राऊटर आयुष्यात कधी धरला नसेल तर पहिल्यांदा गिटारवर धरू नका. आणि पैसे वाचवायला म्हणून करणार असाल तर करू नका, साडेबारा हजारात तेव्हाही बरी तयार गिटार मिळत होती.

माझे वडील सुतार होते म्हणून जमलं, आमच्याकडे कोण आहे, असं म्हणाल. तुमच्या गल्लीत, शेजारच्या गावात, फर्निचरच्या दुकानामागे कोणीतरी सुतार आहेच. त्याला जाऊन विचारा. गिटार म्हणजे काय हे त्याला माहीत नसलं तरी चालेल, सरळ काय आणि वाकडं काय हे त्याला तुमच्या सरांपेक्षा जास्त कळतं. आमचे आण्णा आता ७१ वर्षांचे आहेत, तार कशी छेडायची त्यांना अजून येत नाही, पण मी गिटार घेऊन घरी गेलो की पहिली ते हातात घेतात, नेकवर पट्टी ठेवून उजेडाकडे धरतात, पावसाळ्यात थोडी वाकलेली असली तर ॲलन की मागतात आणि पाव आटा फिरवून परत बघतात.

लाकूड वगैरे नंतर बघा. आधी कुठलीही फुकटची फळी घ्या आणि तिच्यावर ब्लेडने बावीस फ्रेट आखा, सगळ्या नटपासून. बारावी ३२४ वर आली की इथे फोटो टाका, मग नेकबद्दल बोलू.