जंतूची कॅप्सूल म्हणजे काय?

प्रश्न : नमस्कार डॉक्टर मॅडम, आम्ही लालबागला चाळीत राहतो. समोरच्या खोलीतल्या चार वर्षांच्या मुलाला मेनिंजायटिस, म्हणजे मेंदूभोवतीच्या पापुद्र्याला सूज, झाला होता, आता बरा आहे. त्याच्या आईला सांगितलं की मेनिंगोकॉकस नावाचा कॅप्सूलवाला जंतू आहे, आम्हाला वाटलं औषधाची कॅप्सूल. त्यांच्या घरात सगळ्यांना गोळी दिली, आम्हाला कोणी विचारलंपण नाही. माझा मुलगा रोज दुपारी त्यांच्याकडेच झोपतो. ही कॅप्सूल काय असते आणि घशातला जंतू मेंदूपर्यंत जातो कसा? – एक आई, लालबाग

उत्तर : ताई, गोळीचं तुम्हाला फोनवर आधीच सांगितलंय, अंक छापून येईपर्यंत थांबण्यासारखं ते नव्हतंच. बाकीच्यांसाठी सांगते, आजार होऊ नये म्हणून द्यायची ही अँटिबायोटिकची गोळी अख्ख्या चाळीला लागत नाही, एका घरात राहणारे, एकत्र झोपणारे, अगदी जवळचे जे असतात त्यांना लागते, आणि शक्यतो 24 तासांत. म्हणजे तुमचा मुलगा त्यात येतो. कोणी विचारलं नाही तरी आपण होऊन सांगायचं.

आता कॅप्सूल. फालुद्यातला भिजलेला सब्जा आठवा, मधे काळा दाणा आणि भोवती बुळबुळीत पारदर्शक थर, चिमटीत धरायला गेलं की सटकतो. जंतूची कॅप्सूल साधारण अशीच, साखरेच्या लांब साखळ्यांची. रक्तातल्या पांढऱ्या पेशी जंतू गिळायला येतात पण या थरामुळे त्यांना पकड मिळत नाही. मेनिंगोकॉकस, न्यूमोकॉकस, हिब (हिमोफिलस इन्फ्लुएंझा टाइप बी), लहान मुलांत मेनिंजायटिस करणारे हे तिन्ही मोठे जंतू असंच आवरण घेऊन येतात, हा योगायोग नाही, ते नसेल तर बहुतेक जंतू रक्तातच मारले जातात.

मेनिंगोकॉकसला शिवाय बारीक केसांसारखे धागे असतात, पिलाय म्हणतात त्यांना. गर्दीच्या लोकलमध्ये आपण वरची कडी धरून लटकतो तसा तो त्यांनी घशाच्या आतल्या त्वचेला धरून राहतो. कितीतरी धडधाकट माणसांच्या घशात तो असतो आणि काही न करता निघूनही जातो. पण एखाद्याच्या रक्तात शिरला आणि त्या मुलाकडे त्याच्याविरुद्धच्या अँटिबॉडीज नसल्या, की तेच धागे मेंदूच्या बारीक रक्तवाहिन्यांना आतून चिकटतात, तिथे जंतूंचा पुंजका वाढतो, भिंतीतल्या पेशींचे सांधे सैल होतात आणि तो पलीकडे मेंदूभोवतीच्या पाण्यात उतरतो. तिथे पहारा फारच कमी. पाठीतून काढलेलं ते पाणी मी मायक्रोस्कोपखाली खूपदा पाहिलंय, पू-पेशींच्या पोटात जंतूंच्या गुलाबी जोड्या, राजम्याचे दोन दाणे सपाट बाजूने समोरासमोर ठेवल्यासारख्या. ते दिसलं की रिपोर्ट टाइप व्हायची वाट बघायची नाही, आधी वॉर्डला फोन.

त्याच्या बाहेरच्या पापुद्र्यात एक विषही असतं, एंडोटॉक्सिन. त्याचे फुगे रक्तात सुटत राहतात, त्याने बीपी पडतं, अंगावर लाल-जांभळे ठिपके येतात. काचेचा ग्लास दाबून धरला तरी ते ठिपके जात नाहीत. ताप आणि असे ठिपके, किंवा ताप, उलट्या आणि मान आखडलेली, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी निघा. सावळ्या अंगावर ठिपके पटकन दिसत नाहीत, तळहात, तळपाय आणि पापणीच्या आत बघा.

ज्या आवरणामुळे जंतू वाचतो त्याच आवरणाची लस होते, हे मला आजही फार विलक्षण वाटतं. नुसती साखर दोन वर्षांखालच्या बाळाचं शरीर नीट ओळखत नाही, म्हणून ती एका प्रोटीनला जोडून देतात. पेंटाव्हॅलंट या पाच आजारांवरच्या लसीतला हिबचा भाग आणि न्यूमोकॉकसची लस पीसीव्ही अशाच बनतात, दोन्ही सरकारी लसीकरणात फुकट आहेत. पुण्याच्या सीरमने याच पद्धतीने आफ्रिकेसाठी मेनिंगोकॉकसच्या ए गटाची लस केली (साखर वेगळी तसा या जंतूचा गट वेगळा), 2010 पासून ती दिली गेली आणि तिथली त्या गटाची साथ जवळजवळ थांबली. बी गटाचं मात्र वेगळं, त्याची साखर आपल्या मेंदूतल्या साखरेसारखीच असल्यामुळे शरीर तिला परकी समजतच नाही, म्हणून त्या लसीसाठी जंतूच्या पृष्ठभागावरची प्रोटीन्स वापरावी लागली.

मेनिंगोकॉकसची लस आपल्या नेहमीच्या सरकारी यादीत नाही, हजला जाणाऱ्यांना ती घ्यावीच लागते. तुमच्या मुलासाठी पीडिॲट्रिशियनला विचारा, आणि जाताना लसीचं कार्ड घेऊन जा, पेंटा आणि पीसीव्हीचे तीन-तीन डोस झालेत का तेही एकदा बघून घेतील.